विमलअक्कांचं तिसरं जेवण

विमलअक्का दुपारी साडेअकरा ते अडीच या वेळात तीन घरी जेवायच्या, आणि त्यातल्या निदान दोन ठिकाणी भूक नसताना. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे आणि एकदा सरकारी कागदावर लिहूनही दिलेलं आहे.

अक्का आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या एका उपकेंद्रात नर्स होत्या. शिरपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याला, चार गावं त्यांच्याकडे. गावाचं नाव लिहीत नाही, कारण माणसं तिथंच राहतात. मी त्यांची पर्यवेक्षिका. म्हणजे त्यांनी भरलेली रजिस्टरं तपासायची, चुका काढायच्या, सह्या करायच्या. वयानं त्या माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या, त्यामुळे चारचौघांत त्या मला ‘मॅडम’ म्हणायच्या आणि एरवी ‘मंदा’.

मागच्या महिन्यात नव्या नर्सच्या प्रशिक्षणात एका मुलीनं विचारलं, “मॅडम, गरोदर बाईच्या घरी जाऊन नेमकं करायचं काय?” मी पुस्तिकेतलं सगळं सांगितलं. वजन, रक्तदाब, रक्त, गोळ्या, सल्ला. तासभर बोलले. घरी येऊन चहा ठेवला तेव्हा लक्षात आलं, की अक्का जे करायच्या त्यातलं एक अक्षर मी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी कोणी लिहून घेतलं नसतं.

अक्का बुटक्या आणि जाड. पुरुषी घड्याळ, पांढरी साडी गुडघ्याखाली कायम चिखलानं नाहीतर धुळीनं रंगलेली. खांद्याला पिशवी, पिशवीत बाळ तोलायचा काटा आणि मिठाचा एक किलोचा न फोडलेला पुडा. काटा कुठेही अडकवला की आधी मिठाचा पुडा टांगायचा, एक किलो बरोबर दाखवतो का बघायचं, मग बाळ. मी एकदा म्हटलं, अक्का, काटा नवा आहे. त्या म्हणाल्या, “नवा आहे म्हणून तर. अजून शिकला नाही बिचारा.”

गोळ्यांच्या बाबतीतही तसंच. लोहाच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं दाखवली की आम्ही खूश व्हायचो. अक्का पाकिटाकडे बघायच्याच नाहीत. बाईला बाजूला घेऊन विचारायच्या, शौचाला काळं होतं का? गोळी पोटात गेली तर रंग बदलतो. नाही म्हटलं की अक्का गोळ्या कुठे गेल्या ते ओळखून, घरातल्या कोंबड्यांकडे बघून अहिराणीत म्हणायच्या, “म्हंजे रक्त यास्नं वाढी राह्यनं.”

आता जेवणाचं.

आमच्याकडे सून शेवटी जेवते. हा काही छळ नाही, रीत आहे. मी माझ्या सासरी अशीच जेवले, माझ्या वहिन्या जेवल्या. आधी पुरुष, मग पोरं, मग सासू. सून भाकरी थापत असते. सगळ्यांचं झालं की जे उरेल ते. बहुतेक वेळा एक भाकरी, ठेचा, आणि वरणाच्या पातेल्यातलं तळाचं पाणी. वर आणखी एक समजूत अशी, की पोटुशी बाई पोट भरून जेवली तर मूल मोठं होतं आणि अडतं. म्हणून सातव्या महिन्यापासून तिनं हात आखडता घ्यायचा. आम्ही भिंतीवर हिरव्या पालेभाज्यांची चित्रं लावत होतो. चित्रं चांगली होती. सासवा म्हणायच्या, हो ताई, देतो ना, सगळं देतो.

अक्कांनी भाषणं देणं मी नोकरीला लागायच्या आधीच सोडलं होतं. त्या जेवणाच्या वेळेला घरात शिरायच्या.

“या सिस्टर, बठा. चहा लेशात?”

“चहा नको. जेवाले उनू मी.”

डबा त्यांच्याजवळ असायचाच. पण डबा उघडून त्या तशाच बसून राहायच्या. “माले एकटीले घास उतरत नही व माय. वहूले बठाड मना जोडे.”

“ती मंग जेवी.”

“मंग मीबी मंगच जेवसू. माले काय घाई?”

आता दारात आलेली सरकारी सिस्टर डबा उघडून उपाशी बसली आहे, हे कोणत्या घराला चालेल? सासूचं जेवण झालेलं, पुरुष शेतात. सोबतीला बसवायला उरायची ती सूनच. आणि पाहुणीच्या ताटात दादर ज्वारीची भाकरी, उडदाची डाळ, वर तेल, शेंगदाण्याची चटणी असताना शेजारच्या ताटात नुसता ठेचा वाढता येत नाही. लाज वाटते. अक्का ती लाज धरूनच चालायच्या. वर सांगायच्याही, “मना ताटमा जितलं शे, तितलंच तिना ताटमा.” आणि पाहुणीनं घास घेतल्याशिवाय सून घास घेत नाही, म्हणून अक्कांना खावंच लागायचं. एका घरी, दुसऱ्या घरी, तिसऱ्या घरी. ज्या बायांचं वजन वाढत नव्हतं त्यांची वारं त्यांनी लावून घेतली होती. सोमवारी अमकीकडे, मंगळवारी तमकीकडे.

गावात याची थट्टा व्हायचीच. पारावर बसलेले एक नाना त्यांना रोज हटकायचे.

“काय अक्का, आज कोना घर पंगत?”

“तुनाच घर, नाना. तुनी वहूले सातवा शे ना? जाई सांग, वरणमा पाणी कमी टाक.”

नाना पुढचे चार दिवस पारावर दिसले नाहीत.

थट्टेवर भागलं नाही, तालुक्याला अर्ज गेला. ‘सदर नर्स ही ड्युटीच्या वेळेत घरोघर फुकट जेवत फिरते, तरी चौकशी व्हावी.’ चौकशीला मलाच पाठवलं. मी दिवसभर अक्कांबरोबर फिरले. तिसऱ्या घरून बाहेर पडताना त्यांनी पिशवीतून स्वतःची मधुमेहाची गोळी काढून तोंडात टाकली. हो, मधुमेह. आठ वर्षांपासून.

“अक्का, डॉक्टरांनी तुम्हाला काय सांगितलंय? वेळेवर आणि मोजकं खायचं.”

“वेळेवरच खाते की. बारा, एक आणि दोन.”

“मी जबाबात काय लिहू?”

“लिही, जेवते म्हणून. खोटं काय आहे त्यात?” मग थोडं चालून म्हणाल्या, “माझं वजन बघ किती आहे. यातलं पाच-पाच किलो वाटून देता आलं असतं तर घरोघर कशाला फिरले असते?”

मी जबाबात लिहिलं, की नर्स गृहभेटीदरम्यान लाभार्थ्यासमवेत भोजन करते. तालुक्याच्या आरोग्य अधिकारी साहेबांनी ते दोनदा वाचलं आणि फाईल बंद केली.

साहेबांशी अक्कांचं खरं वाजलं ते वजनांवरून. जन्मलेलं बाळ अडीच किलोच्या आत भरलं तर ते कमी वजनाचं. मग त्याच्या जास्तीच्या भेटी, जास्तीचे फॉर्म, आणि बैठकीत प्रश्न. त्यामुळे कितीतरी रजिस्टरांत बाळं अडीच किलोचीच जन्माला येतात. दोन किलो चारशेचं अडीच होतं, दोन तीनशेचंही होतं. मी हे वर्षानुवर्षं पाहिलं आणि सही केली. अक्कांच्या रजिस्टरमध्ये मात्र दोन तीनशे ऐंशी, दोन एकशे चाळीस, एक नऊशे असे आकडे. साहजिकच बैठकीत दर वेळी त्यांचं उपकेंद्र तळाला.

एका बैठकीत साहेबांनी त्यांना उभं केलं. “बाई, तुमच्याच गावात पोरं हलकी कशी? पाणी वेगळं आहे का तिकडे?”

“पाणी तेच आहे साहेब. बाकीच्यांकडची पोरं सांगून येतात अडीच किलोची. आमच्याकडची न सांगता येतात.”

बाया हसल्या. साहेब हसले नाहीत. आठवड्याभरात अक्कांना कामात सुधारणा नसल्याची नोटीस आली. निवृत्तीला दीड वर्ष राहिलं असताना.

त्या बैठकीहून परतताना जीपमध्ये मी म्हटलं होतं, “अक्का, तुमचं खरं आहे, पण दोन-चार ठिकाणी अडीच लिहिलं तर काय बिघडतं? शंभर-दीडशे ग्रॅमनं बाळाचं काय होणार आहे?” मी हे बोलले, आणि मनापासून बोलले.

अक्का भाजलेल्या शेंगा सोलत होत्या. सोलता सोलताच त्यांनी सांगितलं. त्यांची पहिली नेमणूक दोंडाईचाकडच्या एका गावात. तिथं एका बाईचं घरी बाळंतपण झालं. बाळ एक किलो नऊशे. दुसऱ्या दिवशी अक्कांच्या धाकट्या बहिणीचा धुळ्याला साखरपुडा. खरं वजन लिहिलं तर एक दिवसाआड जाणं आलं, आणि त्यांना चार दिवस तरी सुट्टी हवी होती. त्यांनी कार्डावर अडीच लिहिलं. बाळ दूध ओढत नव्हतं, पण कार्ड चांगलं होतं, म्हणून त्यांच्या जागी आलेली नर्सही डोकावली नाही. अकराव्या दिवशी गेलं.

“बाळाची आई मला भेटायला आली. भांडली असती तर बरं झालं असतं. तिनं विचारलं, अक्का, कार्डवर तं बराबर लिखेल व्हतं ना?” अक्कांनी शेंगांची टरफलं जीपच्या बाहेर टाकली. “बराबर लिहिलं होतं की.”

त्यांनी मूठभर दाणे माझ्या हातावर ठेवले आणि डोळे मिटून घेतले. शिरपूर येईपर्यंत झोपल्या होत्या की नाही, सांगता येत नाही.

कविता ही त्यांच्या नोकरीतली शेवटची बाई. म्हणजे जिच्यासाठी वार लावला अशी शेवटची. वय एकवीस. पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी झालं होतं, चोपड्याकडे. ते बाळ एक किलो सहाशेचं, बारा दिवस जगलं. आता पुन्हा दिवस गेले तेव्हा तिचं वजन अडतीस किलो आणि रक्त सात. अक्कांनी नोंद केली आणि मला फोन केला, “मंदा, ही जर अशीच राहिली तर हेही बाळ तसंच येईल. माझ्या हातात सहा महिने आहेत.”

सप्टेंबरअखेर त्यांची निवृत्ती होती. कविताची तारीख ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातली.

कविताची सासू इंदूबाई. उंच, काटक, बोलण्यात फटकळ. सबंध गावात अक्कांच्या जेवणाच्या युक्तीला पुरून उरलेली ही एकटी बाई. पहिल्यांदा अक्का साडेबाराला गेल्या, तर कविता भाकरी घेऊन शेतात गेलेली. दुसऱ्यांदा अकराला गेल्या, तर कविता नदीवर. तिसऱ्यांदा इंदूबाईनं स्वतःचंच जेवण राखून ठेवलेलं. “या सिस्टर, आज मी शे तुमना जोडे जेवाले.” आणि सिस्टरच्या शेजारी ऐसपैस बसून जेवली. कविता चुलीपुढे.

“सिस्टर, तुमना घर चूल नही का?”

“शे ना. पण तठे तुना हातनी भाकर नही.”

अक्का हरल्यासारख्या हसायच्या आणि दोन दिवसांनी परत जायच्या. ऊन उतरेपर्यंत ओट्यावर बसून राहायच्या. तिथंच रजिस्टर भरायच्या. इंदूबाई धान्य पाखडत शिव्या द्यायची, पण सुपाआडून. दीड महिना हे चाललं. कविताचं वजन पाऊण किलो वाढलं.

त्या दिवशी मी बरोबर होते. अक्कांनी वजन केलं, आकडा बघितला आणि जमिनीवर बसल्या. नेहमीची थट्टा नाही. इंदूबाईला म्हणाल्या, “इंदू, खरं सांग. काय वैर शे तुनं या पोरसंगे?”

इंदूबाईनं सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, “मनी धाकली बहीण व्हती. तिले माहेरमा दूध-तूप बठ्ठं दिधं. पोर इतलं मोठं व्हयनं, का निंघेच ना. दोन दिन. बैलगाडीमा शिरपूरले लई जाई राह्यंतात, नदीजोडेच गई ती.” तिनं कविताकडे पाहिलंसुद्धा नाही. “मनी वहूले मी उपाशी नही मारत, सिस्टर. मी तिले वाचाडस.”

मी पंचवीस वर्षं आरोग्यशिक्षण करत होते. सासूला असं कोणी विचारताना मी पहिल्यांदा पाहिलं, आणि उत्तर ऐकताना कुठे बघावं ते मला कळेना.

अक्कांनी तिला चूक म्हटलं नाही. “खरं शे तुनं,” म्हणाल्या. “पण तव्हय शिरपूरले ऑपरेशन व्हतं का? आते शे. अडनं तं पोट फाडीसन काढतीन. आनि मागलं पोर बारीकच व्हतं ना? बारीक व्हतं म्हणीसन वाचनं का ते?”

इंदूबाई सुपातले खडे वेचू लागली.

“तू तिले खावाले दे. अडनं तं मी शे.”

“तुमी संगे राह्यशात?”

“राहसू.”

ऑक्टोबरमध्ये त्या नोकरीत नसणार, हे अक्कांना माहीत होतं, मला माहीत होतं.

त्यानंतर इंदूबाईनं शब्द पाळला. स्वतः समोर बसून कविताला जेवायला लावायची. शेंगदाण्याचे लाडू केले. रक्तासाठी शिरपूरला नेऊन शिरेतून औषध द्यावं लागलं, तर दोन्ही वेळा स्वतः बरोबर गेली. अक्का सोमवार-गुरुवार जात राहिल्या. आता नुसतं बघायला गेलं तरी चाललं असतं, पण ताट वाढलेलं असायचं आणि इंदूबाई आग्रहाची. पावसाळ्यात अक्कांच्या डाव्या पायाच्या बोटाला जखम झाली. चिखलातली चप्पल घासून. मधुमेह्याची जखम, भरेना. मी रजा घ्या म्हटलं. त्या म्हणाल्या, सप्टेंबरनंतर रजाच आहे. कविताचं वजन सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात साडेचव्वेचाळीस झालं. अक्कांनी तो आकडा लिहिला आणि रजिस्टर माझ्या हवाली केलं. निरोपसमारंभात साडी, नारळ आणि साहेबांचं भाषण झालं. साहेबांनी ‘जनमानसात मिसळून काम करणाऱ्या’ असं म्हटलं. अक्का शेजारच्या बाईला विचारत होत्या, एस.टी. किती वाजता आहे?

कविताला कळा सुरू झाल्या त्या आठ ऑक्टोबरला, सकाळी. इंदूबाईनं पहिला फोन रुग्णवाहिकेला केला नाही. धुळ्याला मुलीकडे राहायला गेलेल्या अक्कांना केला. अक्कांनी तिथून रुग्णवाहिका बोलावली, मला कळवलं, आणि पायाला पट्टी बांधलेल्या अवस्थेत बसमध्ये बसल्या. मी शिरपूरच्या दवाखान्यात पोचले तेव्हा कविता आत होती. तासाभरानं अक्का फाटकातून लंगडत आल्या. दारावरच्या माणसानं पास मागितला.

“कोण आहात तुम्ही पेशंटच्या?”

अक्का थांबल्या. तेहतीस वर्षांत हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नसावा. मागून इंदूबाईचा आवाज आला, “आमना घरनी शे ती! येऊ दे!”

पण आत प्रसूतिगृहात काही त्यांना जाऊ दिलं नाही. त्या बाकावर बसल्या. इंदूबाई शेजारी. दुपारी दीडला बाळ झालं, अडलं नाही. मुलगी. मी काट्याशी उभी होते. दोन किलो तीनशे.

नोंद करणारी मुलगी म्हणाली, “मॅडम, अडीच टाकू? दोनशेचाच फरक आहे.”

तिचं काही चुकत नव्हतं. मीच अशा मुलींना शिकवत आले होते. मी म्हटलं, “दोन तीनशे लिही.” तिनं लिहिलं.

बाहेर येऊन सांगितलं. इंदूबाई रडायला लागली. जगेल का, एवढंच विचारत होती. अक्कांनी बोटांवर हिशेब केला. मागच्यापेक्षा सातशे ग्रॅम जास्त. “आणि लिहिलं काय?” त्यांनी मला विचारलं.

“दोन तीनशे.”

“बरं.” मग इंदूबाईला म्हणाल्या, “ऊबमा ठेव. उघडं नको ठेऊस. अंगोळ नको घालूस. मंग जगी.”

वजन खरं लिहिल्यामुळे जास्तीच्या भेटी लागल्या. नवी नर्स तरुण, चटपटीत, मोबाईलवर सगळं भरणारी. ती ठरलेल्या दिवशी गेली. नवव्या दिवशी तिचा मला फोन आला, मॅडम, बाळाचे पाय गार आहेत आणि ओढत नाही. अर्ध्या तासात ते शिरपूरला निघालं. आठ दिवस दवाखान्यात कविता त्याला ऊब मिळावी म्हणून छातीशी उघड्या अंगानं बांधून बसली. ती थकली की इंदूबाई पोलक्याची बटणं सोडून बसायची. पन्नाशी उलटलेली बाई, वॉर्डातल्या पुरुषांकडे पाठ करून. बाळ वाचलं.

पुढे सहा आठवड्यांनी मी त्या गावाला गेले. कापूस वेचणीचे दिवस. कविता शेतातून धावत आली, पदरात कापसाची बोंडं तशीच. बाळाला तिनं झोळीत ठेवलं, मी काटा धरला. तीन किलो शंभर. मी म्हटलं, छान. इंदूबाईनं देवाला हात जोडले. कविता हसली आणि पाणी पिऊन परत वेचायला गेली.

त्याच रविवारी मी धुळ्याला गेले, अक्कांकडे. मुलीकडे राहायच्या, दुसऱ्या मजल्यावर. बोट काढावं लागलं होतं, आणि जखम वर चढत होती. मुलगी दारातच हळू आवाजात म्हणाली, फार वेळ बोलायला लावू नका. अक्का गॅलरीत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर होत्या, पाय स्टुलावर. बारीक झाल्या होत्या. मी त्यांना कधी बारीक पाहिलं नव्हतं. साडी दुसऱ्या कोणाची असावी तशी दिसत होती.

मी ही बातमी सांगायलाच गेले होते, त्यामुळे बसताक्षणी सांगितली. “अक्का, कविताची पोर तीन शंभर झाली. छान खेळते.”

अक्कांचा चेहरा जरा उजळला. “तीन शंभर,” त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. “आणि तिचं?”

“कोणाचं?”

“कविताचं. तिचं किती?”

मी तिचं वजन केलं नव्हतं. ती माझ्यापुढे पाच मिनिटं उभी होती, मोठा काटा जीपमध्ये होता, आणि मी केलं नव्हतं. बाळंतपणानंतर आईच्या वजनाला फॉर्मात रकाना नाही. तिला खायला घालण्याचं जे ठरलं होतं ते बाळ होईपर्यंतच होतं, हेही मला तिथं बसल्यावर सुचलं. तिचे खांदे कसे दिसत होते ते आता डोळ्यांपुढे आलं. आकडा मात्र नव्हता.

“केलं नाही, अक्का.”

त्या रागावल्या नाहीत. रागावायला अंगात काही लागतं. त्यांनी नुसती मान हलवली आणि खालच्या रस्त्याकडे बघू लागल्या. रिक्षा जात होत्या, एक भाजीवाली ओरडत होती. मुलीनं चहा आणला, बिनसाखरेचा. अक्कांनी तो हातात धरून ठेवला.

“वर्ष-दीड वर्षात तिला परत दिवस जातील,” त्या म्हणाल्या. “तेव्हा कुठून मोजायला सुरुवात करशील?”

मी उठले. मला साडेचारची गाडी गाठायची होती. दारातून मागे पाहिलं तर अक्का अजून रस्त्याकडेच बघत होत्या आणि चहा तसाच हातात होता. त्यानंतर आमची भेट झाली नाही. बुधवारी मी जीपमधून मोठा काटा उतरवून कविताच्या शेतापर्यंत उचलून नेला. साडेअडतीस. अक्कांना फोन केला, तो त्यांच्या मुलीनं उचलला. अक्का पहाटे गेल्या होत्या.